सिद्धटेकची होडी आणि भीमेचे पाणी

१३ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वाराणसीहून निघणाऱ्या 'गंगा विलास' या जहाजाला दूरदृश्य प्रणालीद्वारे हिरवा झेंडा दाखविला, तेव्हा भारतातील नदीपर्यटनाच्या इतिहासात एका नव्या अध्यायाचा प्रारंभ झाला. बासष्ट मीटर लांबीचे, तीन मजल्यांचे, अठरा दालनांचे हे जहाज ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटर अंतर कापून, बांगलादेशातून वळसा घेत, आसामातील दिब्रुगडला पोहोचणार होते. पहिल्या फेरीचे प्रवासी होते स्वित्झर्लंडचे बत्तीस पर्यटक. युरोपातल्या ऱ्हाईन-डॅन्यूबच्या काठी वाढलेल्या माणसांना गंगेवर यावेसे वाटले, ही घटना अभिमानास्पदच होती.

या प्रवासाच्या पहिल्या दिवशी काठावर जे दिसते, त्यात महाराष्ट्राचा वाटा किती मोठा आहे, हे मात्र मराठी वृत्तपत्रांनी फारसे सांगितले नाही. पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा घाट, शिंद्यांचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट... काशीचे जे दगडी मुख आज जगाला ठाऊक आहे, त्याची घडण करणारे कितीतरी हात दक्षिणेतून गेले होते. परमुलखातल्या नदीला पायऱ्या बांधून देणारा हा समाज आपल्या घरच्या नदीशी कसा वागला, असा प्रश्न त्या घाटांकडे पाहून कोणी विचारला, तर उत्तर देताना मान खाली घालावी लागेल.

घरची नदी म्हणजे भीमा. २०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्गांना राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जा मिळाला. त्या यादीत भीमेचे नाव आहे. पण तो पट्टा खालचा, कर्नाटक-तेलंगणातला, कृष्णेच्या संगमाकडचा. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या भीमेला त्यात स्थान नाही, आणि ते नसणे योग्यही आहे. इथे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ठिकठिकाणी पात्र अडवून उभे आहेत. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना ढापे बसतात आणि नदीची तळी होतात. एका तळ्यातली नाव दुसऱ्यात जात नाही. उन्हाळ्यात तर पाणी सुटेल तेव्हाच पात्र भरते. अशा नदीवर तीन मजली जहाजाचे स्वप्न पाहणे हा पोरखेळ ठरेल. अहो, साक्षात गंगेवरसुद्धा 'गंगा विलास' निघून तीन दिवस होतात न होतात तोच बिहारात छपऱ्याजवळ जहाज पाण्यात नांगरून पाहुण्यांना लहान नावांनी चिरांदच्या काठावर न्यावे लागले. जहाज गाळात रुतल्याच्या बातम्या आल्या, प्राधिकरणाने त्या नाकारल्या. खरे-खोटे काही असो, शेवटच्या टप्प्याला कामी आली ती लहान नावच.

आणि लहान नावेचा वारसा दौंड तालुक्याकडे आहे. किंबहुना मराठी कुटुंबाला नदीवरच्या प्रवासाची ओळख कुठे झाली असेल, तर ती याच तालुक्यात.

अष्टविनायकाच्या यात्रेचा परंपरागत क्रम मोरगावपासून सुरू होतो. मोरेश्वराचे दर्शन झाले की दुसरे स्थान सिद्धटेक. ते भीमेच्या उत्तर काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात आहे. पण पुण्याकडून जाणाऱ्या यात्रेकरूचा मार्ग दौंडवरून. रेल्वेने आलेला दौंड स्थानकावर उतरे, गाडीने आलेला दौंड ओलांडून पुढे जाई, आणि दोघेही शिरापूरच्या काठावर येऊन थांबत. समोर भीमेचे विस्तीर्ण पात्र, पलीकडे टेकडीवरचे देऊळ. मध्ये फक्त होडी.

आठ स्थानांच्या या संपूर्ण परिक्रमेत नदी नावेने ओलांडावी लागे, ती इथेच. आणि तीही बहुधा पहिल्याच दिवशी. पुणे-मुंबईच्या कुटुंबातील आजी, सुना, नातवंडे चपला हातात घेऊन होडीत चढत. नावाडी वजन बघून माणसे बसवी. लठ्ठ काकांना मध्यभागी, पोरांना आईच्या पुढ्यात. वल्ह्याचा पहिला फटकारा बसला की बडबड आपोआप थांबे. कोणी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावी, कोणी नाणे टाकी, कोणी भीमेला हात जोडी. पुढच्या काही मिनिटांत टेकडी जवळ येई, घाटाच्या पायऱ्या दिसू लागत. अष्टविनायकाहून परतलेल्या घरात मूर्तींचे तपशील एकमेकांत मिसळून जात, पण 'सिद्धटेकला होडीतून गेलो होतो' हे लहान मूल वर्षानुवर्षे सांगत राही.

स्थानही तसेच जागृत. मधु-कैटभांशी युद्ध करताना यश येईना, तेव्हा विष्णूने इथेच गणेशाची आराधना केली आणि त्याला सिद्धी प्राप्त झाली, अशी कथा आहे. म्हणून हा सिद्धिविनायक आणि हे सिद्धटेक. अष्टविनायकांतील उजव्या सोंडेची मूर्ती म्हणून याचे सोवळे कडक मानतात. देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला. ज्यांनी काशीला घाट बांधला, महेश्वरला नर्मदेच्या काठी राजधानी वसवली, त्यांचाच हात भीमेच्या या आडवळणाच्या टेकडीवरही फिरला. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांनी येथे एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि गेलेले पद परत मिळवले, असे सांगतात. देवळाकडे जाणारी वाट त्यांनीच बांधली. ही सर्व मंडळी नदी ओलांडणे हा दर्शनाचाच भाग समजत होती.

आता शिरापूर-सिद्धटेक मार्गावर पूल झाला आहे. तो व्हायलाच हवा होता. पुराच्या दिवसांत रुग्णाला, बाळंतिणीला किंवा परीक्षेच्या पोरांना होडीच्या भरवशावर ठेवणे माणुसकीला धरून नाही. जुन्याचा उमाळा आणून पुलाला नावे ठेवणारे लोक बहुधा त्या काठावर राहणारे नसतात. तेव्हा पुलाविषयी तक्रार नाहीच. मात्र पुलाबरोबर एक गोष्ट निमूटपणे घडली, तिची नोंद कोणी घेतली नाही. दरवर्षी हजारो भाविकांचा हात ज्या पाण्याला लागत असे, ते पाणी त्या दिवसापासून कोणी जवळून पाहिनासे झाले. गाडी पुलावरून अर्ध्या मिनिटात पार होते. काचा वर असतात. आतली मंडळी पुढच्या रांजणगावच्या दर्शनाची वेळ जुळवीत असतात. नदीला हजारो साक्षीदार होते, ते एका फटक्यात गेले. साक्षीदार नसलेल्या ठिकाणी काय होते, हे सांगायला पोलीस खात्याची गरज नाही.

आज दौंडमध्ये भीमेतील 'बोट' असा शब्द उच्चारला की कोणाच्या डोळ्यापुढे पर्यटकांची नाव येत नाही. वृत्तपत्रातील शीर्षके वाचणाऱ्या प्रत्येकाला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे. फायबर बोट आणि सक्शन बोट! एक वाळू वाहणारी, दुसरी यंत्राने तळातली वाळू ओढून काढणारी. शिरूर, दौंड, श्रीगोंदा, कर्जत या चारही तालुक्यांच्या पात्रात वर्षानुवर्षे हा उद्योग चालत आला आहे. महसूल व पोलीस पथके येतात, जिलेटिनच्या कांड्या लावून बोटी उडवितात, छायाचित्रे छापून येतात, आणि काही दिवसांनी नवी बोट पाण्यात उतरते. शासनाने २०२३ मध्ये सहाशे रुपये ब्रासने वाळू देणारी आगारे काढून पाहिली, २०२५ मध्ये पुन्हा नवे धोरण आणले, कृत्रिम वाळूला उत्तेजन दिले. धोरणे बदलली तरी रात्रीच्या यंत्रांची घरघर थांबल्याचा अनुभव काठच्या गावांना नाही.

वाळू म्हणजे नुसता बांधकामाचा माल असता, तर गोष्ट वेगळी होती. नदीचे पाणी गाळून, साठवून, उन्हाळ्यात काठच्या विहिरींना हळूहळू देणारा तो थर आहे. तो ओरबाडला की उरतात खोल खड्डे. वरून पाणी शांत दिसते, आणि सणावाराला स्नानासाठी उतरलेला मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून एकदम वीस हात खोलात जातो. भीमेच्या पायऱ्यांवर पूर्वी पोरे पोहायला शिकत. आज त्याच पायऱ्यांवर आया पोरांना पाण्यापासून ओढून आणतात.

आणि पाणी तरी कोणते? भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली निर्मळ भीमा शिरूर तालुक्यात पोहोचण्याआधीच तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते; आळंदीच्या घाटावर फेस तरंगताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिला, तीच इंद्रायणी. पुढे वढू बुद्रुक, कोरेगाव. ज्या काठावर १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी बलिदान दिले, त्या काठाने हे पाणी वाहते. मग रांजणगाव सांडसजवळ, एका बाजूला शिरूर आणि दुसऱ्या बाजूला दौंड तालुका असताना, मुळा-मुठा तिच्यात येऊन मिसळते. अख्ख्या पुणे शहराचे सांडपाणी म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने हिवाळ्याच्या अखेरीस या संगमावर दहा मिनिटे उभे राहावे. काळपट पाणी, नाकात जाणारा दर्प आणि बंधाऱ्यामागे काठापासून काठापर्यंत पसरलेली जलपर्णी. तिच्यावर बगळे चालत जातात. त्यात वल्हे घालून दाखवावे कोणी!

पुणे महापालिकेने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जपानच्या अर्थसाहाय्याने ९९० कोटी रुपयांची नदी प्रदूषण निवारण योजना केंद्राने २०१६ च्या प्रारंभी मंजूर केली. अकरा नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे, दररोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. तिचे भूमिपूजन झाले ६ मार्च २०२२ रोजी. मंजुरी आणि कुदळ यांच्यात सहा वर्षे गेली. त्याच दिवशी नदीकाठ सुधार प्रकल्पाचाही मुहूर्त झाला, ज्यात काठावर पदपथ, बागा, बसण्याची ठिकाणे आहेत. शहरातला काठ सजेल आणि पाणी जसेच्या तसे खाली येत राहील, अशी शंका शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याच्या मनात आली, तर तिला दुष्टावा म्हणता येणार नाही. पुणेकरांनी वापरून सोडलेल्या पाण्याशी त्याचे नाते जुने आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले पाणी जुन्या मुठा कालव्याने, ज्याला तो 'बेबी कालवा' म्हणतो, त्याच्या उसाला येते. त्याला शहराचे शत्रुत्व करायचे नाही. त्याची मागणी एवढीच, की प्रक्रिया केलेले म्हणून जे सोडता, ते खरोखर प्रक्रिया केलेले असावे.

ही तक्रार दोन तालुक्यांपुरती आहे, असे मानणाऱ्याने नकाशा पुढे ओढावा. दौंडवरून, सिद्धटेकवरून हेच पाणी उजनीच्या फुगवट्यात जाते. एकशे सतरा टीएमसीचा तो जलाशय सोलापूरला पिण्याचे पाणी देतो. त्याच्या खाली भीमा पंढरपुरात शिरते आणि चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा होते. आषाढीला लक्षावधी वारकरी जिथे बुडी मारतात, तिथले पाणी पुण्याच्या न्हाणीघरांतून निघून रांजणगाव सांडसवरून गेलेले आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने 'नमामि चंद्रभागा' अभियान जाहीर केले. नाव उत्तम आहे. पण चंद्रभागेची स्वच्छता पंढरपुरात सुरू होऊच शकत नाही. ती पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या गटारांच्या तोंडाशी सुरू व्हावी लागेल. धर्मभावनेला आवाहन करणाऱ्या प्रत्येक योजनेने आधी नळजोडणीचा आणि वीजबिलाचा हिशेब द्यावा, कारण शुद्धीकरण केंद्र उभारणे सोपे असते, ते रात्रंदिवस चालवणे कठीण.

मग नदीपर्यटन नकोच काय? हवे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मुंबईतून 'क्रूझ भारत' अभियानाला आरंभ केला, त्यात सागराबरोबर नद्यांचाही विचार आहे. महाराष्ट्राने त्यात आपले रूप शोधावे. शिरूर तालुक्याकडे टाकळी हाजीपाशी कुकडी नदीने खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत. पलीकडच्या काठावर पारनेरमधले निघोज. जगभरच्या भूगोलाच्या अभ्यासकांनी यावे, असे ते ठिकाण आहे. तिथे नाव चालणार नाही आणि चालवूही नये. ते पायी बघायचे आहे. घोड नदीवर चिंचणीचे धरण आहे. दौंडच्या खाली पेडगावचा किल्ला भीमेच्या काठी उभा आहे. कैद केलेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबापुढे आणले गेले, ते याच गडावर. तिथली यादवकालीन मंदिरे पाहायला क्वचितच कोणी वाट वाकडी करतो. सिद्धटेक, पेडगाव, दौंड हा नदीचा एवढा एकच पट्टा घेतला, तरी त्यात भक्ती, इतिहास आणि दुःख एकत्र भेटते.

याच नदीवर थोडे खाली पर्यटनाचा एक नमुना आपोआप उभा राहिलेला आहे. भिगवण आणि कुंभारगावच्या परिसरात उजनीच्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. मासे धरणाऱ्या कुटुंबांनी आपल्याच होड्यांतून पाहुण्यांना ते दाखवायला सुरुवात केली, घरी चुलीवर भाकरी-मासे खाऊ घातले, पोरांनी पक्ष्यांची नावे तोंडपाठ केली. कोणत्याही सरकारी जहाजाविना रोजगार निर्माण झाला. पण त्याच जलाशयाने २१ मे २०२४ ची संध्याकाळही पाहिली. इंदापूर तालुक्यातील कळाशी आणि करमाळा तालुक्यातील कुगाव यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला. बाकी सहा जणांचे मृतदेह पुढे हाती लागले. ती माणसे सहलीला निघाली नव्हती, रोजच्या कामाच्या वाटेवर होती. जिथे पूल नाही, तिथे होडी हाच रस्ता असतो, आणि त्या रस्त्यावर ना फलक, ना जाकीट, ना हवामानाचा इशारा.

कायदा नाही असे नाही. १९१७ चा इंग्रजी अमदानीतला कायदा रद्द करून संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा केला. यांत्रिक नावांची नोंदणी, चालकाचे प्रमाणपत्र, विमा, जीवरक्षक साधने हे सारे त्यात आहे. वल्ह्याच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूदही आहे. म्हणजे शिरापूरच्या ग्रामपंचायतीने मनात आणले, तर पहिले पाऊल तिलाच टाकता येईल.

मागणी मोठी नाही. अष्टविनायकाच्या यात्रेकरूला सिद्धटेकला पुलाबरोबर होडीचाही पर्याय असावा. गाडी पुलावरून पलीकडे जावी, ज्याची इच्छा असेल त्याने शिरापूरच्या काठावर उतरून नावेत बसावे आणि घाटाच्या पायऱ्यांवर उतरावे. नावा दोन-चारच असाव्यात, नोंदलेल्या असाव्यात, प्रत्येकाच्या अंगात जाकीट असावे, पाणी सोडण्याचे किंवा वाऱ्याचे चिन्ह दिसले की त्या बांधून ठेवाव्यात. चालक म्हणून ज्यांचा पिढीजात व्यवसाय पुलाने गेला, त्यांच्या मुलांना आधी विचारावे. यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा होडीने नदी स्वच्छ होणार आहे काय? एकट्या होडीने ती होणार नाही. पण नाकाला रुमाल लावून पलीकडे गेलेला पुणेकर परत आपल्या शहरात जाऊन नगरसेवकाला जो प्रश्न विचारील, तो शिरापूरच्या सरपंचाने दहा वर्षे विचारूनही ऐकला जाणार नाही. आणि रोज सकाळ-संध्याकाळ जिथे नावाडी असतो, तिथे सक्शन बोट आणणे थोडे तरी अवघड होते.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. शिरापूर पुणे जिल्ह्यात, सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात. एक पुणे महसूल विभागात, दुसरे नाशिक विभागात. हद्द नदीच्या मधोमध जाते. वाळूचोरांना ही रेषा उत्तम समजली आहे. एका काठावर पथक आले की बोट दुसऱ्या काठाला लागते. होडीची नोंद कोणत्या काठावर करायची, पाणी तपासायचे कोणी, अपघात झाला तर पंचनामा कोणाचा, हे दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे लागेल. माघी गणेशोत्सवाला सिद्धटेकला मोठी गर्दी होते. त्याआधी ही एक बैठक शिरापूरच्या काठावरच मंडप टाकून घ्यावी, आणि दोघांनीही बैठकीला पुलावरून न येता नावेतून यावे.